साडूच्या हॉटेलात मुक्काम

गेल्या मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी मी आणि माझी पत्नी सुनंदा झरीजवळच्या एका शेतातल्या हॉटेलात पाहुणे म्हणून दाखल झालो. दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही तिथले कामगार झालो होतो.

पार्श्वभूमी अशी. सुनंदा शिक्षिका आहे. वर्षभर सकाळी डबे, मग शाळा, मग पुन्हा स्वयंपाक. सुट्टी लागताच तिने एकच मागणी ठेवली. "साडी नको, महाबळेश्वर नको. दोन दिवस मला कुणीतरी आयतं गरम ताट आणून द्यावं. मी फक्त बसून जेवणार." मी परभणीत एका दैनिकात उपसंपादक आहे. मागणी रास्त असल्याची खात्री केली आणि हॉटेल ठरवले. चिंचेखाली बाजा, चुलीवरचे जेवण आणि थंडगार खोली, असे फोनवर सांगण्यात आले होते. (बाजा आणि चूल या दोन बाबी खऱ्या निघाल्या.)

दारातच मालक माणिकराव बसले होते. त्यांनी ओळखपत्र मागितले नाही.

"कुणीकडचे म्हणायचे, पाव्हणे?"

"परभणी."

"ते झालं राहायचं. मूळ गाव?"

इथे मी थांबायला हवे होते. पण अर्धवट माहिती द्यायची नाही, ही धंद्याची सवय! मी मूळ गाव सांगितले, तालुका सांगितला आणि कुणी विचारले नसताना सासुरवाडीही सांगितली. राणीसावरगाव.

माणिकराव ताडकन उठले. "काय सांगता! आमच्या मंडळीचं माहेर तेच की! मंग तुमी आमचे साडू झालात!"

(एका गावच्या लेकी त्या बहिणी आणि बहिणींचे नवरे ते साडू. या नियमाने मला एकूण किती साडू आहेत, याची मोजणी अद्याप झालेली नाही.)

"गावकीच्या नात्यानं," मी दुरुस्ती सुचवली.

"नातं ते नातं! अगं ए, भाईर ये! तुझी बहीण आलीय!"

काशीबाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. सुनंदाकडे निरखून बघत म्हणाल्या, "कोणाची गं तू?"

"दत्तराव मास्तरांची."

"अगं बया! मास्तरची सुनंदी! तुला कडेवर घेऊन फिरलेय मी!"

सुनंदाला हे आठवत नव्हते. पण खोडून काढायला तिच्याजवळ पुरावाही नव्हता.

पहिला परिणाम खोलीवर झाला. "साडू हॉटेलच्या खोलीत उतरला तर गावात तोंड दाखवू का मी?" असे म्हणत माणिकरावांनी आमच्या बॅगा मागच्या त्यांच्या घरात नेल्या. तिथे ज्वारीच्या पोत्यांशेजारी आमची सोय झाली. पंखा होता. तो पोत्यांकडे तोंड करून होता. आमची खोली पाठोपाठ आलेल्या एका कुटुंबाला देण्यात आली.

दुसरा परिणाम दुपारी झाला. पूर्णेहून रेल्वे कर्मचाऱ्यांचा मोठा घोळका जेवायला उतरला आणि त्याच वेळी आचारी भाच्याच्या लग्नाला गेल्याचे उघड झाले.

"सुनंदे, बाई, दोन भाकरी करू लाग," काशीबाई म्हणाल्या. "आपल्याच घरात काय लाजायचं?"

दोन हा आकडा साफ चुकीचा ठरला! माझ्याही खांद्यावर कुणीतरी पंचा टाकला.

"ओ मामा, पाणी!" पंगतीतून हाक आली.

"मी खरं तर इथं..."

"आन् ठेचा! लवकर!"

मी ठेचा वाढला. एकाने भाकरीचा तुकडा मोडत विचारले, "लय मऊ हाय हो. कोण करायलंय?"

"माझी बायको."

"नशीबवान हाव मामा! रोज आयतं खाता!"

हे वाक्य स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत ऐकू गेले. सुनंदाने खिडकीतून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेचा तपशील देणे प्रस्तुत वार्ताहरास शक्य नाही.

संध्याकाळी हेच पुन्हा झाले. रविवारी सकाळी आणखी दोन गाड्या लागल्या. काशीबाईंनी पिठाची परात सरकवली, तशी सुनंदा उठली, हात धुतले, अंगणात गेली आणि बाजेवर पाय पसरून बसली.

"आक्का, मी तुझी बहीण ना?"

"मंग! सख्खी समज!"

"आणि तू थोरली?"

"थोरलीच की."

"आई जाऊन लय वर्षं झाली माझी. आई नसली की माहेरपण थोरल्या बहिणीनं करायचं असतं ना गं?"

माणिकरावांनी माझ्याकडे पाहिले. मी चिंचेकडे पाहिले. काशीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "चुकलं बाई माझं. आता या बाजेवरून उठायचं न्हाई तू."

"अन् भाकरी?" माणिकरावांनी विचारले.

"तुमी दोघं साडू काय करायलाव?"

अशा रीतीने परात माझ्यापुढे आली. माणिकराव चुलीला फुंकर घालत राहिले. (जाळ होईना, धूर भरपूर झाला.) मी थापलेली पहिली भाकरी ज्या पाहुण्यापुढे ठेवली, त्याने ती उचलून उजेडात धरली.

"मामा, हे काय हाय?"

"भाकरी."

"कशाची?"

माझी बदली तत्काळ ताटे घासण्यावर करण्यात आली.

त्याच वेळी काशीबाई वेगळ्या चुलीवरची टम्म फुगलेली भाकरी, वांगं आणि लोणी घेऊन बाजेकडे गेल्या. सुनंदा बसून जेवली. "अजून एक गरम वाढू का?" असे तिला विचारण्यात आले. ती हो म्हणाली.

मला संध्याकाळी कामावर हजर व्हायचे होते, म्हणून मी निघालो. सुनंदा निघाली नाही. माहेरी आलेली लेक दोन दिवसांत परत जाते का, असा काशीबाईंचा सवाल होता आणि त्यावर सुनंदाकडे उत्तर नव्हते. तिने ते शोधलेही नाही.

ती बुधवारी परतली. येताना माणिकरावांचा निरोप घेऊन आली. साडूंच्या भाकरीचं नाव काढू नका, पण ताटं बरी घासतात; येत्या शनिवारी आचारी पुन्हा लग्नाला चाललाय.

"तू काय सांगितलंस?" मी विचारले.

"साडूला नाही कसं म्हणायचं?" सुनंदा म्हणाली.

त्या शनिवारी मी सकाळच्या बसने झरीला गेलो. सुनंदा घरीच थांबली.