कुपीच्या बुडाला आमसूल

मला हिरवं पडलेलं भांडं बघवत नाही. माझे वडील रत्नागिरीजवळच्या एका गावात कल्हई करायचे, गळकी भांडी झाळून द्यायचे. घरातल्या तांब्याच्या बुडाला हिरवा ठिपका दिसला, तर ज्याला दिसला त्यानेच आमसूल घेऊन घासत बसायचं, असा आमच्याकडे नियम होता. मी लहानपणी कितीतरी वेळा न दिसल्यासारखं केलं असेल, पण हाताला सवय लागली ती लागलीच.

कतारमध्ये, दोह्यात मला ज्या वर्कशॉपमध्ये नवं काम मिळालं, तिथे जुन्या वस्तू जपायचं काम चालतं आणि त्या काचेच्या कपाटात उभ्या राहाव्यात म्हणून स्टँडही बनतात. त्याआधी चार वर्षं बिरकत अल अवामेरच्या कॅम्पात राहून मी पाइप जोडले होते. इथे तीन महिने बघणार, जमलं तर ठेवणार, नाहीतर खलास. ठेवलं तर नजमा भागातली सहा जणांची खोली सोडून बायकोला आणि मुलीला आणता येणार होतं. रोज बसमध्ये मी तेवढाच विचार करायचो.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्यासमोर ती कुपी आली. करंगळीएवढी, काशाची, हजारेक वर्षांपूर्वीची अत्तराची कुपी. पोट पेरूसारखं, मान लांब, खाली छोटी बैठक. मला फक्त बुडाचं माप घेऊन स्टँड करायचा होता. उलटी केली तर बूड सगळं हिरवं. वर्कशॉप बघणाऱ्या मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. टेबलाखाली माझा डबा होता, डब्यात बांगड्याचं कालवण आणि कालवणात आमसूल. पाचच मिनिटं घासलं असेल. नखाएवढी जागा अशी लख्ख निघाली की, खोटं कशाला सांगू, मला शाबासकी मिळेल असं वाटलं.

शेजारच्या टेबलावरच्या फिलिपिनो बाईने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. हलक्या आवाजात तिने सांगितलं की तो हिरवा थर म्हणजे त्या कुपीचं वय, तो काढायचा नसतो.

मी कुपी सरळ उभी केली. बूड खाली गेल्यावर कोणाला काय दिसणार? तासभर माप घेत असल्याचं नाटक केलं. पण मीठ लागलेलं आमसूल धुतलं नाही तर ते भांडं खात राहतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. मी गप्प बसलो असतो तर नोकरी वाचली असती आणि कुपी गेली असती.

मॅडम आल्यावर सगळं सांगितलं. त्या ट्युनिशियाच्या, बोलणं मोजकं. असं का केलंस, एवढंच त्यांनी विचारलं. मी मान खाली घालून म्हणालो, "माझ्या वडिलांनी असंच शिकवलं." म्हणताक्षणी स्वतःची लाज वाटली. चूक माझी आणि पुढे केलं त्यांना.

त्या ओरडल्या नाहीत. आधी आमसुलाचं मीठ धुऊन काढलं, मग कुपी भिंगाखाली ठेवली आणि मी काय घालवलं ते मलाच बघायला लावलं. लख्ख जागेच्या मधोमध मसुराएवढा राखाडी ठिपका होता. धातू तिथे सडला असावा, असं मॅडमना वाटलं. मला मात्र तो लगेच ओळखीचा वाटला. ती कथलाची झाळ होती. कुपी गळत असणार आणि कोणीतरी भोक बुजवून दिलं असणार. वितळलेलं कथील कापसाने पुसताना कडेला एक बारीक शेपटी राहते, ती तशीच्या तशी होती.

दुसऱ्या दिवशी धातू तपासायच्या मशीननेही त्या ठिपक्यात नुसतं कथील दाखवलं. मॅडमनी नोंदीत आधी माझी चूक लिहिली, सविस्तर, मग खाली ती झाळ. एकामुळे दुसरं माफ होत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. तरी तीन महिन्यांनी माझ्या नोकरीच्या कागदावर त्यांची सही झाली. डबा आता मी पँट्रीतच ठेवतो.

झाळ सापडली त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी घरी अब्बांना व्हिडिओ कॉल करून फोटो दाखवला. गावात सगळ्यांकडे स्टील आलं, तेव्हापासून त्यांचा भाता खाटेखाली पडून आहे. मला तर त्यांनी हा धंदा शिकूच दिला नव्हता. जे आलं ते शेजारी बसून आलं. फोन त्यांनी इतका जवळ धरला की मला नुसती त्यांची भुवई दिसत होती.

"हात चांगला हाय त्याचा," ते म्हणाले. मग विचारलं, "पानी धरता ना अजून?" जोडलेलं भांडं पाणी भरून कोरड्या राखेवर ठेवल्याशिवाय त्यांनी कधी गिऱ्हाइकाला दिलं नाही. ही कुपी भरायची परवानगी नाही म्हटल्यावर ते नाराज झाले. फोन जरा लांब धरून म्हणाले, "तू त्यांना सांगितलास काय, ह्या कोनाकडनं शिकलास ता?"

सांगितलं होतं. चूक कबूल करताना, मान खाली घालून.

"सांगितलं, अब्बा," मी म्हणालो.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली आणि रविवारी सकाळी, चहाच्याही आधी, मी मॅडमसमोर उभा राहिलो आणि म्हणालो की ती झाळ ओळखायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं. त्यांनी नोंद उघडली, लिहायला घेतलं आणि वडिलांच्या कामाला काय म्हणतात ते विचारलं. त्यांना तो शब्द नीट लिहिता यावा म्हणून मी दोनदा सावकाश उच्चारला, कल्हई.