ओवाळायला काशीबाई

पेणच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात महिन्याच्या पहिल्या शनिवारी वाढदिवस साजरे होतात. केक असतो, पण आधी औक्षण पाहिजे आणि ओवाळायला सवाष्णच पाहिजे, असा आमच्या म्हाताऱ्यांचा हट्ट. मला याचा भयंकर राग. तो मी दर वेळी बोलून दाखवायचो आणि दर वेळी मला गप्प बसवलं जायचं. संघातल्या बायका बहुतेक विधवा. दोघी सवाष्णी होत्या, त्यांना मुलांनी पुण्याला नेलं. उरल्या काशीबाई.

काशीबाई खाडीकडच्या. जन्म मिठागरात गेला, मिठाच्या टोपल्या वाहून मान जराशी कललेली. नवरा पुंडलिक लग्नानंतर थोड्याच वर्षांनी काम शोधायला म्हणून गेला, तो परतलाच नाही. गावात त्यांना टाकलेली म्हणत, हळदीकुंकवाला बोलावत नसत. पण कुंकू त्यांनी सोडलं नाही. "तो गेल्याचा सांगावा आला नाय, मंग पुसू कशाला?" म्हणायच्या.

आमच्याकडे मात्र त्या कुंकवाला मान मिळाला. शनिवारी धुवट लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी यायच्या, ताट स्वतः घासायच्या. एरवी कुणाला न जुमानणारे निवृत्त मामलेदारही त्यांच्यापुढे टोपी सारखी करून बसायचे. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी त्यांच्यावाचून अडत होतं.

गेल्या माघात संघाची सहल रोह्याला गेली. खिडकीच्या जागेवरून भांडणं झाली, वडखळ येतंय तोच दोघांना उतरायचं होतं. धावीर महाराजांचं दर्शन घेतलं आणि वरसे गावच्या ज्येष्ठ मंडळाकडे चहाला गेलो. तिथे भिंतीवर दिवंगत सभासदांचे हार घातलेले फोटो होते. त्यातल्या एकासमोर काशीबाई थांबल्या. म्हातारा चेहरा, एक भुवई मधोमध तुटलेली.

"ह्यो कोन?"

"आमचे पुंडलिकराव," मंडळाचे अध्यक्ष कौतुकानं म्हणाले. "मूळचे तुमच्या पेणकडचेच. इथं कंपनीत लागले, संसार थाटला. मोठा हौशी माणूस! जाऊन चार वर्षं झाली. ओळखीचे होते का?"

"व्हते," काशीबाई म्हणाल्या आणि नळ कुठे आहे ते विचारलं.

तोंड धुऊन परतल्या तेव्हा कपाळ मोकळं होतं. आम्ही काय ते समजलो.

पुढच्या शनिवारी त्या आल्या. ताट घासलं, निरांजन लावलं आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसल्या. मी चिडून उठलो. म्हटलं, पुरे झाली ही थेरं, काशीबाईच ओवाळतील. नवल म्हणजे मामलेदारांनीही मान डोलावली. संघातल्या लतिकाताई ताट घेऊन त्यांच्याजवळ गेल्या. "उठा हो, आमची कुणाची हरकत नाही."

"तुमची नाय गो, माजी हाय," काशीबाई म्हणाल्या. "तो मेला तरी चार वरसं मी तुमाला ओवाळत रायले. माज्या हातनं ओवाळून घेतलं नि त्र्यंबककाका गेले. अनसूयाबाय गेली."

"अहो, नव्वदीला टेकलेली माणसं ती!" मी ओरडलोच.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "त्यानं माजा संसार नेला तवा मी रडले नाय," त्या म्हणाल्या. "आता ह्यो शनवार बी नेला." आणि पदरात तोंड घालून रडू लागल्या.

त्यानंतर काशीबाई संघात आल्या नाहीत. दोनदा बोलवायला गेलो, दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं. आता आमच्याकडे सगळ्याच बायका ओवाळतात.