तेलविहिरीतल्या जंतूंचं जेवण

राहुरीच्या स्टँडवर मला सोडायला अकरा जण आले होते. नाना, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात मळीच्या टाक्यांवर कामाला. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून गुजरातेत, मेहसाण्याच्या तेलविहिरींवर निघाले होते. चुलते कुरकुरत होते, "पोरीला एवढं लांब धाडायचं, अन् ते बी जंतू पाळायला?" नाना म्हणाले, "तिला कळतंय ते तुला-मला कळत न्हाई. जाऊ दे." सगळ्यांना 'जय भीम' म्हणता म्हणता गाडी हलली आणि रडायचं राहूनच गेलं.

मेहसाण्यात मी सगळ्यांची 'बेन', म्हणजे ताई, झाले. डाळीतला गूळ महिनाभर घशाखाली उतरेना. काम मात्र पहिल्या दिवसापासून आवडलं. जुन्या विहिरीत तेल शिल्लक असतं, पण खडकाला धरून बसतं. त्याच खडकात, हवेवाचून, जंतू राहतात. बाहेरचे आणून सोडायचे नाहीत; तिथल्याच रहिवाशांना खाऊ घालायचं. ते वाढले की वायू आणि आम्ल तयार करतात, तेल सुटतं. त्यांचं जेवण म्हणजे पाण्यात कालवलेली मळी, साखर काढून उरलेला तो काळा पाक.

आम्हाला एकच विहीर मिळाली होती आणि माझी नेमणूक त्या प्रयोगापुरतीच होती. मळी सकाळी विहिरीत सोडायची होती; तेव्हा घाई नको म्हणून मी आदल्या दुपारीच ती टाकीत कालवून ठेवली. दिवस उन्हाळ्याचे. सकाळी पाहते तर टाकीवरून फेस ओसंडतोय, आंबूस वास सुटलेला. जेवण विहिरीत जायच्या आधी बाहेरच्याच जंतूंनी वरच्या वर फस्त केलेलं! आमचे प्रमुख देसाईसाहेब एवढंच म्हणाले, "बेन, आणखी एक टँकर मिळेल. तोही गेला तर विहीर परत द्यायची."

मी एसटीडी बूथवरून कारखान्यात फोन लावून नानांना फोनवर बोलावून घेतलं. सगळं ऐकून ते पोटभर हसले.

"अगं येडे, मळी घट्ट हाय तवर लई दिवस टिकती. पानी लागलं की फसफसलीच. लागंल तवाच कालवायची अन् लगेच सोडायची."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू एम.एस्सी. हायेस. मी काय सांगनार?"

आंबण्याच्या क्रियेवर मी परीक्षेत चांगलं पाच पानी उत्तर लिहिलं होतं. टाकीपाशी त्यातलं एकही वाक्य आठवलं नव्हतं.

दुसरा टँकर आला तेव्हा मळी पंपाशेजारीच कालवली आणि लगेच खाली सोडली. विहीर काही आठवडे बंद ठेवली. उघडली तेव्हा आधी वायू फुसफुसला, मग आजवर नुसतं पाणीच ओकणाऱ्या नळातून काळंभोर तेल यायला लागलं. देसाईसाहेब नमुन्याची बाटली उन्हात धरून ओरडले, "बेन, तमारा जंतु जाग्या!" जंतू खरंच जागे झाले होते; माझी नेमणूक कायम झाली.

त्या हिवाळ्यात नाना मेहसाण्याला आले. कारखान्यात साहेबापुढे ते कायम उभे राहत, खांदे पाडून, हळू आवाजात बोलत. इथं देसाईसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः वही काढून समोर बसले. नाना आधी खुर्चीच्या कडेवर टेकले. मग मळीचा विषय निघाला तसे मागं सरकले, हात हलवत आपल्या बोलीत मोठ्यानं सांगू लागले, "ह्ये लिवून घ्या साहेब!" मी भाषांतर करायला पुढं झाले, तर साहेब म्हणाले, "राहू दे बेन, समजतंय."

अजूनही कोणी विचारलं, तुझं गाव कुठलं, तर मी राहुरी सांगते. पण मेहसाणाही माझं घर आहे, आणि ते झालं त्या दुपारी, नाना त्या खुर्चीत नीट टेकून बसले तेव्हा.