सोजराबाईच्या नवऱ्याची सायकल

महाराष्ट्र राज्य झालं त्या उन्हाळ्यात सोजराबाईचं लग्न झालं आणि तिच्या वडिलांनी, उकंडरावांनी, जावयाला काळी करकरीत सायकल दिली. हेतू साधा होता. पोरीच्या मळ्यातली वांगी-मेथी तिच्या डोक्यावरून न जाता चाकावरून मोताळ्याच्या बाजारात जावी.

जावई रंगराव सायकलीवर टोपली बांधूच देईना. "ओझ्यानं फ्रेम वाकते," असं तो सांगायचा, जणू ते लोखंड त्यानंच ओतलं होतं. रोज सकाळी विहिरीवर तो बादल्या भरभरून सीटवरून ओतायचा, मग रंगावर खोबरेल तेलाचा हात फिरवायचा. दांडीला मखमल गुंडाळलेली. बाजाराच्या दिवशी सोजराबाई डोक्यावर टोपली घेऊन निघे. हा घंटी वाजवत तिला मागे टाकी आणि हॉटेलच्या बाकड्यावर चहा पीत बसे. तिला त्याचा राग येत नसे. राग यायला समोर माणूस लागतो, असं तिचं मत होतं.

शेजारच्या पुंजाजीकडे तसलीच सायकल होती. तिच्यावर कोबीची पोती, बायको, एकदा तर व्यायलेली शेळीसुद्धा आली. चिखल आपोआप वाळून गळे, कुणी पुसत नसे.

"तुमची सायकल म्हातारी कशी नाई होत, भाऊ?" सोजराबाईनं विचारलं.

"वयनी, तिले नटाले वेळच नाई," पुंजाजी म्हणाला.

मग काही वर्षांनी, भर बाजारात, रंगराव ऐटीत वळण घेत असताना कडकन आवाज झाला. पायडलपाशी फ्रेमची नळी तुटली, सायकल दुमडली आणि रंगराव एका बाईच्या टमाट्यांच्या ढिगावर पडला. बाजार हसला. सोजराबाई हसली नाही. तिनं आधी त्या बाईला सांगितलं, "तुह्या मालाचं मी पाहून घेईन." मग नवऱ्याकडे वळली.

धोतर झटकत तो म्हणाला, "तुह्या बापानंच हलकं लोखंड देलं. फसवलं मले!"

तिनं मोडकी सायकल ओढत शालिग्राम मिस्त्रीच्या दुकानात नेली. रंगराव मागे मागे आला. मिस्त्रीनं सांगाडा उलटा केला तसं आतून तांबूस पाणी आणि गंजाचा चुरा भुईवर पडला.

"पाणी सीटखालून आत जाऊन राह्यलं होतं. तळाशी साचलं," मिस्त्री म्हणाला. "वरून चकचकीत, आतून सडली."

"घरात आनखी एक तसंच हाये," सोजराबाई म्हणाली.

"अवं, लोकाइसमोर..." रंगराव पुटपुटला.

मिस्त्रीनं सडकी नळी कापली, दुसरी बसवली, भट्टीवर पितळ वितळवून जोड दिला. जोड ओबडधोबड झाला. असल्या ठिगळाच्या सायकलीवर बसायची रंगरावाला लाज वाटली. सोजराबाईनं दोन्ही बाजूंना टोपल्या बांधल्या आणि सायकल ढकलत घरी आणली.

पुढे पडीक रानात, लुगड्याचा काचा घट्ट मारून, ती चालवायलाही शिकली. पडली, गुडघे फुटले. गावातली रिकामी माणसं पारावरून दात काढत. "हासा," ती म्हणे, "तुमाले दुसरं काम काय हाये?" दुष्काळात मळा वाळला तेव्हा ती त्याच सायकलीवर रस्त्याच्या कामाला जाई. मागे कॅरिअरवर पुंजाजीची बायको शालूबाई. चाकं बदलली, साखळी बदलली, रंगाचा पत्ता राहिला नाही. जोड मात्र हलला नाही.

रंगराव ओट्यावर बसून पाहुण्यांना सांगे, "इतके सालं टिकली. माह्या हातची निगा हाये."

एकदा हे चालू असतानाच सोजराबाई कामावरून आली. पाहुणे तिच्याकडे बघू लागले. तिनं नवऱ्याला खोटं पाडलं नाही; तेवढी तसदी घ्यावी असा तो तिला वाटत नव्हता. सायकल भिंतीला टेकवून ती म्हणाली, "अवो, उठा. पाहुण्याइले पाणी आना."

रंगराव उठला.