'अगं'चं बटण

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज जाईल. दुबईपासून दीड तासावरच्या अल ऐनमध्ये बांधकामाची कंत्राटं घेणाऱ्या माणसाचा अर्धा धंदा आवाजावर असतो. मी दुबई मरीनात एका ऑफिसात वेबसाइट बनवतो. रडत बसण्यापेक्षा जे येतं ते करावं म्हणून त्यांच्यासाठी एक वेबपेज बनवलं. मोठी बटणं, आणि दाबलं की त्यांच्याच आवाजात तो शब्द. ऑपरेशनच्या आधी टॅबलेटसमोर बसून त्यांनी एकेक शब्द रेकॉर्ड केला. पाणी. दुखतंय. साइटवरच्या माणसांसाठी अरबीतलं यल्ला, म्हणजे चला, आणि खलास, म्हणजे बास. आणि आईसाठी, अगं. जन्मात त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती.

"माझा आवाज कुणा परक्याच्या सर्व्हरवर नको," ही त्यांची अट. म्हणून मी सगळं टॅबलेटच्या ब्राउझरमध्येच साठवलं. एक कॉपी माझ्याकडे ठेवतो म्हटलं, तर भडकले. "मी मेलोय का, जपून ठेवायला?" त्यांच्या हट्टापुढे माझं कधी काही चाललेलं नाही.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, एका दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. बाबा जेवून झोपले होते.

"अरे, टॅबलेट सारखा 'स्टोरेज फुल' म्हणत होता. मी सेटिंगमध्ये गेले. बाबांच्या पानापुढे 'साफ करा' लिहिलं होतं. केलं साफ. आता नीट चालेल ना?"

आईला सोपं जावं म्हणून टॅबलेट मराठीत होता, आणि मराठीत साफ करणं म्हणजे घासूनपुसून परत जागेवर ठेवणं. भांडी साफ केली म्हणून ती कुणी फेकून देतं का? ब्राउझर देतो.

"आई, पान अजून उघडं आहे?"

"आहे की. बटणं दिसतायत."

"पाणी दाब."

"पाणी," बाबा फोनवर म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. पान उघडलं की ते सगळे आवाज तात्पुरते उचलून घेतं. साठा पुसला तरी उघडं आहे तोवर ते वाजतात. एकदा का पान पुन्हा लोड झालं, की संपलं. मी अल ऐनला पोचेपर्यंत ते टिकेल याची काय खात्री? मी फोन स्पीकरवर टाकला आणि लॅपटॉपवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"दुसरं काही उघडू नकोस. मी सांगतो तसं एकेक बटण दाब. आधी 'अगं'."

"ते राहू दे शेवटी. तुझ्या ऑफिसातले लोक ऐकत असतील. आधी कामाची घे."

वाद घालायला वेळ नव्हता.

"दुखतंय," बाबा म्हणाले.

"कुठे?" आई सवयीनं म्हणाली.

"तू बोलू नकोस गं, नुसतं दाब." मी ओरडलोच. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. मला कुणाची पर्वा नव्हती. पाणी पुन्हा घेतलं. यल्ला आलं. खलास आलं. मी मनात गणपतीला विनवत होतो, आणखी थोडंच, आणखी थोडंच.

"अरे, पान पांढरं झालं," आई म्हणाली. मग, "आली परत बटणं. पण दाबलं तरी बोलत नाहीत."

ती फोनवर रडली नाही. "तरी कामाची मिळाली ना?" एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हणालो आणि जिन्यात जाऊन ढसाढसा रडलो.

सुट्टीच्या दिवशी अल ऐनला जाऊन वाचलेले शब्द परत भरले. 'दुखतंय'च्या मागे आईचं 'कुठे?' पुसट ऐकू येतं, ते मी कापलं नाही. 'अगं'चं रिकामं बटण काढून टाकायला माझा हात धजेना. बाबा शेजारी बसून बघत होते. त्यांनी ते दाबलं. पुन्हा दाबलं. आई ओट्याशी पाठमोरी कांदा चिरत होती, तिला काहीच कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आई," मी म्हणालो, "बाबा हाक मारतायत."