गंजीवरचा अँटेना

पुण्याच्या संस्थेची पहिली ई-मेल मी दोन दिवस उशिरा वाचली.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने पुण्याच्या एका संशोधन संस्थेत काम शिकायला मिळतं, असं वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी सांगितलं होतं. अर्जही त्यांनीच समोर बसवून भरून घेतला होता. निवड झाली तर मेल येणार आणि तीन दिवसांत होकार कळवायचा, अशी अट होती. आमच्या राधानगरीकडच्या भागात सायबर कॅफे नव्हता, कॉलेजचा एकुलता एक इंटरनेटचा कॉम्प्युटर ऑफिसात कुलपात असायचा. मेल बघायला मी दर रविवारी एस.टी.नं कोल्हापूरला जायचे. निवडीची मेल मंगळवारी आली, मुदत शुक्रवारी संपली, आणि मी ती रविवारी उघडली.

मी तिथंच बसून माफीचं उत्तर लिहिलं. त्याला आलेलं उत्तर वाचायला पुढचा रविवार उजाडला. जागा दुसऱ्याला दिली होती. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा, असं लिहिलं होतं.

घरी सांगावं की नको, हे मला चार दिवस ठरवता आलं नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आबा चौथीपर्यंत शिकलेले, आई शाळेच्या दारापर्यंत. काय हुकलं हे त्यांना कसं सांगायचं, तेच कळत नव्हतं. शेवटी म्हशीची धार काढताना आईला सांगितलं, आणि ते रात्रीच्या जेवणाला आबांकडून परत आलं.

"कागद आला, आन् तुला घावला न्हाय. असंच न्हवं?"

"व्हय."

"मग घावायला काय लागतं?"

"रोज बघाय लागतं, आबा. घरात फोन आन् कॉम्प्युटर लागतो."

आबांनी ताट बाजूला सारलं. हात धुवून उठले. मला वाटलं, विषय संपला.

त्याच उन्हाळ्यात आमचं नवं घर झालं. गावातल्या गल्लीत दोन खोल्यांत आम्ही दाटीनं राहत होतो. आबांनी ओढ्यापलीकडं आमच्या भाताच्या रानाच्या कडेला कौलारू घर बांधलं. राहायला गेलो त्या दिवशी बुद्धवंदना घेतली, खीर केली, पाहुणे जेवून गेले. घर छान होतं. हवा होती, म्हशींना ऐसपैस गोठा होता. फक्त टेलिफोनचा शेवटचा खांब ओढ्याच्या अलीकडंच संपत होता.

आबा तालुक्याच्या टेलिफोन ऑफिसात किती वेळा गेले, मला माहीत नाही. मला न सांगता जायचे. एकदा मी बरोबर गेले तेव्हा टेबलावरचे साहेब म्हणाले, "अहो, एका घरासाठी आठ खांब कोण टाकणार? बिनतारी फोन घ्या. त्याला इंटरनेटची वायर जोडता येते. सिग्नल मिळाला, तर."

"मिळंल की," आबा म्हणाले. सिग्नल म्हणजे काय, हे त्यांनी मला बाहेर आल्यावर विचारलं.

कॉम्प्युटर आधी आला. कोल्हापूरच्या एका क्लासनं जुने काढले होते, त्यातला एक गोधडीत गुंडाळून दुधाच्या टेम्पोतून आबांनी आणला. पडदा मांडीवर घेऊन ते अख्खा रस्ता बसले होते. मग दिवाळी झाली, भात कापून मळून झालं, आणि एके दिवशी लाईनमन फोन घेऊन आला. मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. फोन टेबलावर ठेवायचा असतो तसाच होता, पण त्याला वायर नव्हती. त्याऐवजी माशाच्या काट्यासारखा एक लोखंडी अँटेना होता आणि त्याची लांब केबल.

लाईनमन अँटेना हातात धरून पुढं, आबा फोन छातीशी धरून मागं, आणि फोनवरच्या सिग्नलच्या काड्या मोजायला मी. अशी आमची वरात घरभर फिरली. कौलांवर चढून पाहिलं, एकही काडी नाही. समोर डोंगराची सोंड आडवी येत होती. अंगणात नाही, गोठ्यावर नाही. पार घरामागच्या परड्याच्या टोकाला गेल्यावर एक काडी आली. लाईनमननं हात उंच केला, दुसरी आली.

"हिथंच हाय," तो म्हणाला. "डोंगराच्या खांडीतनं टॉवर दिसतोय. पन उंची पायजे, पावणं. बारा-पंधरा फूट तरी."

बरोबर त्या जागी आमची पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी उभी होती. नुकतंच भात मळलेलं, वर्षभराचं पिंजर. गंजी आईनं रचलेली. आमच्या भागात गंजी बरेच लोक रचतात, पण आईची गंजी पावसातही आतून कोरडी राहते, असं शेजारचे तात्यासुद्धा म्हणायचे, आणि तात्या कुणाला चांगलं म्हणणारे नव्हते. लाईनमननं गंजीकडं बघितलं, आबांनी लाईनमनकडं.

"ह्यो की तुमचा टॉवर!" लाईनमन म्हणाला.

शिडी लावून वर चढले, शेंड्यात बांबू खोलवर खोचला, त्यावर अँटेना बांधला, केबल खिडकीतून आत घेतली. चार काड्या! मी जोडणीचं बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात दोन छोटे कॉम्प्युटर एकमेकांकडं बघून लुकलुकायला लागले. एक पान उघडेपर्यंत आईच्या तीन भाकरी थापून झाल्या, पण उघडलं. आमच्या घरात, ओढ्याच्या पलीकडं.

आबांनी लाईनमनला चहा दिला, वर दूध बांधून दिलं. जाताना तो म्हणाला, "बघा पावणं, अख्ख्या तालुक्यात गंजीवर इंटरनेट तुमचंच."

जानेवारीत मी पुन्हा अर्ज केला. पदवीच्या शेवटच्या वर्षाचीही मुलं घेत होते, पण त्यानंतर नाही. म्हणजे ही शेवटचीच संधी होती. ते मी घरी सांगितलं, आणि मार्चअखेर उत्तर येईल, होकाराला तीनच दिवस असतील, हेही. आबांनी ते 'तीन दिवस' पाठ करून ठेवलं. मी रोज दुपारी लाईट असायची तेव्हा मेल बघायचे. संध्याकाळी आबा विचारायचे, "बघितलंस?" मी म्हणायचे, "बघितलं. न्हाय आलं अजून."

फेब्रुवारीत चाराच्या तीन काड्या झाल्या. मग दोन. एके दिवशी पान अर्ध्यात थांबलं ते थांबलंच. मी केबल तपासली, फोन पुसला, कॉम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला. माझंच काहीतरी चुकतंय असं मला नेहमी वाटायचं, तसंच वाटलं. आबा सायकलवरून जाऊन लाईनमनला घेऊन आले.

तो परड्यात गेला. कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि पोट धरून हसायला लागला.

"पावणं, टॉवर खाल्ला की तुमच्या म्हशींनी!"

खरंच. तीन म्हशी, रोज दोन वेळची वैरण. आई शिडी लावून वरून पिंजर काढायची, बांबू उपसून पुन्हा खाली खोचायची, आणि गंजी रोज थोडी बुटकी होत होती. गंजी खाण्यासाठीच रचतात हे आम्ही सगळे जन्मापासून बघत आलेलो. पण अँटेना लावताना ते आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आबांनी त्याच जागी जमिनीत लांब बांबू रोवून बघितला. वाऱ्यानं तो असा डोले की काड्या यायच्या आणि जायच्या. लाईनमन म्हणाला, लोखंडी पाइपच पाहिजे, खात्याकडं मागणी टाकतो. कधी मिळेल, हे विचारल्यावर तो म्हणाला, "मिळंल की."

 आई गंजीभोवती एक फेरी मारून आली.

"मी मोडून परत रचतो," ती म्हणाली. "बारीक आन् उंच."

"आगं, पडंल," आबा म्हणाले.

"पडंल कशी? मी रचनार हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आबा खालून पेंड्या फेकत होते आणि आई वर झेलून रचत होती. दुपारपर्यंत उरलेल्या पिंजराचा एक उंच, सडपातळ बुरूज उभा राहिला. तात्या बांधावर येऊन उभे राहिले.

"वैनी, गंजी रचलासा का मिनार?"

"पोरीचं पत्र यायचं हाय त्यात," आई वरूनच म्हणाली.

"पोस्टमन चढंल व्हय त्यावर?"

"तुमी खाली हुबं ऱ्हावा, धरून. चढंल."

चार काड्या परत आल्या. आता प्रश्न म्हशींचा होता. उसाचा हंगाम चालू होता, त्यामुळं आई रोज तोड चालू असलेल्या रानांतून वाडं आणायची. उसाच्या शेंड्यांचा तो भारा डोक्यावर घेऊन ती ओढा ओलांडून यायची, तेव्हा खिडकीतून मला आधी फक्त हिरवी पानं दिसायची, मग आई. मी पुस्तक मिटून भारा उतरवायला उठले की ओरडायची, "बस की! मेल बघितलीस का?" मेल हा शब्द ती कधी शिकली, मला माहीत नाही.

मार्चच्या मध्याला ऊस संपला आणि वाडंही. आई मग गंजीला हात घालायला लागली, पण वरून नाही. चारही बाजूंनी, बोटांनी ओढून, एका बाजूनं जास्त होणार नाही असं बघत. मधला गाभा तिनं सोडला. मला ते बघवत नव्हतं. एकदा म्हटलं, "आई, राहू दे. मी जातो रोज कोल्हापूरला." तोंडावर परीक्षा होती आणि एस.टी.त तीन तास गेले असते, तरी म्हटलं.

"जा की," आई म्हणाली. "पयली गंजी पडू दे."

गंजी ओढ्याच्या बाजूला किंचित कलली. आबांनी त्या बाजूनं वासा टेकवला.

ती मेल आली त्या दुपारी वळवाचे ढग भरून आले होते. मी नेहमीसारखी जोडणी केली. पानावर एक-एक ओळ वरून खाली उतरायला लागली आणि चौथ्या ओळीत संस्थेचं नाव दिसलं. मी खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. निवड झाली होती. मेल त्याच दिवशी सकाळी आली होती.

"आबा!"

ते गोठ्यातून धावतच आले. मी सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लगेच काढला. "मग कळीव की. कशाची वाट बघायलीस?"

"तीन दिवस हायत, आबा. म्याडमना दाखवून..."

"तीन दिवस हायत म्हनून थांबायचं न्हाय. ढग बघितलास का?"

उत्तराचा इंग्रजी मजकूर मी महिनाभर आधी वहीत लिहून ठेवला होता, मॅडमनी तो तपासलाही होता. मी तो टाइप करायला घेतला. बाहेर वारा सुटला. खिडकीतून दिसत होतं, गंजीचा शेंडा हलत होता. मी 'पाठवा' हे बटण दाबलं आणि जोडणी तुटली. पुन्हा जोडली, पुन्हा तुटली. एक काडी, दोन काड्या, शून्य.

तेव्हा मी पाहिलं, आई पदर खोचून परड्यात पळत गेली आणि तिनं गंजीला दोन्ही हातांनी मिठी मारली. आबा पलीकडच्या बाजूनं गेले आणि त्यांनी वाशासकट खांदा लावला. पिंजर त्यांच्या डोक्यावर उडत होतं.

"किती काड्या?" आबांनी ओरडून विचारलं.

"दोन!"

"आगं, तू जरा रेट की हिकडं!"

"रेटतोयच की! तुमीच वढालासा!"

"किती?"

"तीन! हलू नका!"

"हलतंय कोन!"

तात्या बांधावरून पळत आले. मला वाटलं, आता हसतील. ते काही न बोलता तिसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी बांबूच धरला. चार काड्या झाल्या. मी बटण दाबलं. कोपऱ्यातले ते दोन छोटे कॉम्प्युटर लुकलुकत राहिले, लुकलुकत राहिले, आणि पडद्यावर अक्षरं आली की पत्र पाठवलं आहे.

मी खिडकीत जाऊन ओरडले, "गेलं!"

"पोचलं का?" आबांनी विचारलं.

"पाठवलंय, आबा. सोडा आता."

"पोचलं का, ते बघ."

मला माहीत होतं, पत्र पोचल्याचं संस्थेतून कुणी लगेच लिहीलच असं नाही. पण आबा सोडेनात. गेल्या वर्षीचे ते तीन दिवस त्यांच्याही मनात असेच राहिले होते, हे मला तेव्हा कळलं. मी पान पुन्हा उघडत राहिले आणि ती तिघं वाऱ्यात गंजी धरून उभी राहिली. पाव तास झाला असेल, जास्तही असेल. टपोरे थेंब पडायला लागले आणि उत्तर आलं. दोनच ओळी. होकार मिळाला, एक मे रोजी या.

मी त्या दोन ओळी पावसात जाऊन मराठीत सांगितल्या. मग आबांनी खांदा काढला. आईनं मिठी सोडली. गंजी क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग सावकाश, एखादं माणूस थकून बसावं तशी, ओढ्याच्या बाजूला बसली. अँटेना पिंजरात अडकून आडवा झाला.

"भिजायच्या आत गोठ्यात न्ह्या," आई म्हणाली. आम्ही चौघांनी कवेत भरभरून पिंजर आत नेलं. आईनं तिन्ही म्हशींपुढं कधी टाकत नव्हती एवढा ढीग टाकला.

आबा पावसातच बांधावर गेले. ओढ्यापलीकडून कुणीतरी गोणपाट डोक्यावर घेऊन गावाकडं चाललं होतं. कोण होतं, इतक्या लांबून ओळखता येत नव्हतं. आबा एरवी हळू बोलणारे. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "ओ पावणं! आमची पोरगी पुण्याला निघाली! हिथं घरात बसून कळवलं!"

त्या माणसानं काय म्हटलं ते पावसात ऐकू आलं नाही. पण त्यानं हात वर केला. आबांनी ते पुन्हा एकदा, आधीपेक्षा मोठ्यानं सांगितलं.