जवाब आल्याशिवाय उतरायचं नाही

आम्हाला स्पर्धेतून बाद केलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी हळहळायला नको.

मी जळगावला पिंप्राळ्यात राहतो, शाळेत संगीत शिकवतो. मूळ गाव चोपड्याकडचं. तिथल्या शाहीर आबांच्या फडात मी तीस वर्षं झील धरली, म्हणजे त्यांच्या मागून ध्रुवपद उचललं. आमचा फड तुऱ्याचा, फेट्याला तुरा लावणारा. समोर कलगीवाले बसायचे. एका पक्षानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि जवाब आल्याशिवाय सवाल टाकणाऱ्यानं जागचं हलायचं नाही. हलला, तर त्यानं समोरच्याला माणसात धरलं नाही असा अर्थ होतो. पुढे आमच्या भागातले कलगीवाले संपले. म्हातारे गेले, पोरं नरडाण्याला कारखान्यांत लागली. तेव्हापासून आबा यात्रेत नुसतं नमन गायचे आणि उतरायचे. सवाल टाकायचा तरी कोणाला?

अशात परदेशातल्या एका महोत्सवाची माहिती हाती लागली. मुलांचे आणि पुरुषांचे गायनवृंद, तेही देशोदेशीचे. मी शाळेतली सात पोरं आणि फडातले नऊ जण उभे करून व्हिडिओ पाठवला. निवड झाली. आबांनी एकच विचारलं, "समोर कोनी शे का?"

"बठ्ठा जगना फड शेत, आबा," मी म्हणालो. सगळ्या जगाचे फड येणार होते, खोटं नव्हतं ते. पण तिथे प्रत्येक वृंद आपापलं गातो आणि खाली उतरतो, कोणी कोणाला उत्तर देत नाही, हे मी गिळलं. आबांशिवाय फड नव्हता, आणि मला जायचं होतं. माझी लबाडी ती हीच.

तयारीसाठी संयोजकांनी एक मार्गदर्शक दिले होते. ते लॅपटॉपवरून बोलायचे. कानावरचा हात काढा म्हणाले. आवाज मऊ करा म्हणाले. मग म्हणाले, "मुख्य गायकाची ओळ संपायच्या आतच तुमचा कोरस घुसतो. ती चूक तेवढी सुधारा."

"चूक नाही साहेब, रीत आहे," मी म्हणालो. "मागच्यानं आधी उचललं की पुढच्याला दम खायला मिळतो."

"तिथे हे चालणार नाही."

"मग नाही चालणार," म्हणून मी लॅपटॉप मिटला. माझं डोकं असं तापतं, बायको म्हणते ते खरंच आहे. पण सत्तरीच्या माणसाचा दम सांभाळणं ही चूक असेल, तर ती आम्ही जन्मभर करू.

महोत्सव एका जुन्या चर्चमध्ये होता. काळ्या कोटातले वृंद येत होते, सुरेख गात होते, वाकून नमस्कार करून जात होते. खरंच सुरेख, त्यात कमीपणा कसला मानायचा. आमची पाळी आली. पोरं पुढे, बाप्ये मागे, सगळ्यांच्या डोक्याला फेटे. आबांनी कानाला हात लावला आणि कित्येक वर्षांनी सवाल टाकला. पानीले तहान लागनी, तं पानी कोठे जाई? आम्ही तीनदा झील धरली आणि थांबलो. टाळ्या पडल्या, चांगल्या लांबल्या, मग संपल्या. बाजूला उभ्या असलेल्या संयोजक बाईंनी हातानं उतरायची खूण केली. आबा हलले नाहीत.

"चला आबा."

"जवाब येवाना शे."

 जे पिंप्राळ्यात सांगायला हवं होतं ते मी तिथे, भर स्टेजवर, हळूच सांगितलं. इथे जवाब कोणी देणार नाही. यांना आपली बोलीसुद्धा कळत नाही.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग तू माले कसाले लयना?" कशाला आणलंस, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. मग समोर बघत म्हणाले, "जवाब येस नही, तोपावत मी उतराव नही."

बाई जवळ आल्या. वेळ संपली, पुढचा वृंद खोळंबलाय, असं अगदी नम्रपणे म्हणाल्या. आबांना दंडाला धरून खाली नेणं मला जमलं असतं. आयुष्यभर तेच तर केलं. यात्रेत दोन मिनिटांत आटपा असं माइकवाल्यानं म्हणायचं आणि मी मान डोलवायची. त्या दिवशी नाही डोलवली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की आम्ही एक प्रश्न विचारलाय, आणि उत्तर मिळाल्याशिवाय उतरायची आमच्यात पद्धत नाही. नियमाप्रमाणे बाद करावं लागेल, त्या म्हणाल्या. करा, मी म्हणालो.

तेवढ्यात पोरांची रांग मोडली. वर्गातला सगळ्यात उनाड पोरगा सरळ चालत स्टेजच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि आमच्याकडे तोंड करून उभा राहिला. मागोमाग उरलेले सहाही गेले. मी त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यानं कानाला हात लावला, पट्टी जरा चुकीचीच धरली आणि गायला लागला. ज्याले घाम येस, त्याना कपायवर पानी जाई. म्हणजे घाम गाळणाऱ्याच्या कपाळावर. दोघा जणांनी झील भलत्याच जागी उचलली. शब्द जुळवलेले, चाल अर्धी आठवलेली. पण जवाब आला होता.

आबांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग पोरांना हात जोडले आणि उतरले. आम्ही मागून उतरलो. बाद झाल्याचं पत्रक संध्याकाळी लागलं, ते मी वाचायलाही गेलो नाही.

विमानातून उतरून गावाकडे येताना बसमध्ये आबा माझ्या शेजारी बसले होते. 

"पोरेस्ना जवाब कच्चा व्हता," ते म्हणाले.

"हो."

"पक्का शिकाड त्यासले. आनी आते तू मन्हा मांगे बठू नको. त्यासना बाजूले बठ."

तीस वर्षं ज्यांच्या मागे बसलो, त्यांच्या समोर बसायचं म्हणजे काय, हे मला त्या बसमध्ये नीट कळलंही नाही. आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी शाळेत सतरंजी टाकली. फेट्याला कलगी लावली, पोरांना मागे घेतलं आणि आबांच्या समोर बसलो. त्यांनी इतका अवघड सवाल टाकला की आमची बोबडी वळली. आबा काही हलले नाहीत.